बसल्याबिगर गाडी हालत न्हाय

रस्त्यात दगड दिसला की आमच्या मामांची मोटारसायकल थांबायची. मग मागे बसलेल्याला कितीही घाई असो, वर ऊन असो की अंगावर लग्नाचे कपडे. मामा गाडी कडेला लावायचे, दोन्ही हातांनी दगड उचलून रस्त्याकडेच्या चारीत टाकायचे, हात झटकायचे आणि पुन्हा गाडीवर बसायचे. इंदापूर-बारामतीकडच्या माणसाला या दगडांचं काही सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. साखर कारखाने सुरू झाले की आमच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन. एखादीचं टायर फुटतं आणि ती भररस्त्यात बसते. मग ट्रॉलीवाला बांधावरचे दगड आणून मागे थोड्या अंतरावर मांडतो, त्यावर बाभळीची फांदी टाकतो. हीच आमच्याकडची लाल बत्ती. पुढे टायर बदलतं, ट्रॉली निघून जाते आणि दगड तिथंच राहतात. माणसं वाचावीत म्हणून मांडलेले दगडच मग अंधारात माणसांना पाडतात.

"ज्यानं ठिवला त्यो गेला," मामा म्हणायचे, "आता जो येईल त्याचा."

मामा पशुसंवर्धन खात्यात होते. गायी-म्हशींची औषधं, इंजेक्शनं, अडलेली वेतं, हे त्यांचं काम. पंचक्रोशी त्यांना डॉक्टर म्हणायची आणि हंगामात पोरंटोरं दगडवाले डॉक्टर म्हणायची. मामांना त्याचं काही वाटत नसे. निवृत्त झाले तरी फोन थांबले नाहीत. डाळजपासून नरसिंहपूरपर्यंत कुणाची म्हैस अडली की आधी मामांना फोन जायचा, मग सरकारी दवाखान्यात. आणि मामा हेल्मेट डोक्यावर चढवून निघायचे. आमच्याकडे हेल्मेट घालणारा माणूस एकतर पुण्याचा असतो किंवा पोलिसाला घाबरणारा. मामा दोन्ही नव्हते. वर ते मागच्यासाठी दुसरं हेल्मेट बाळगायचे. ते घातल्याशिवाय त्यांनी मामीलाही कधी मागे बसू दिलं नाही, आणि मामीचा अंबाडा त्यात मावत नसे म्हणून दर वेळी तंटा.

गाडी सुरू करण्याआधी ते तिच्याभोवती एक फेरी मारत. अंगठ्यानं टायर दाबून बघत, रुमालानं मागचा दिवा पुसत. "जनावराजवळ मागनं जाऊ न्हाय आन गाडीजवळ घाईनं जाऊ न्हाय," हे मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं की आजही स्कूटीला चावी लावताना माझी मान आपोआप मागच्या दिव्याकडे वळते. ट्रॉलीला ओलांडून जाण्याचीही त्यांची रीत होती. पुढचा रस्ता डोळ्यांना स्वच्छ दिसेपर्यंत ते मागे मागे रांगत राहायचे. ट्रॅक्टरवर कर्णे लावलेले, ऊस दोन्ही बाजूंनी लोंबतोय, मागे दिव्याचा पत्ता नाही. "ह्यांचं गाणं मोठं आन लाईट बारीक," असं पुटपुटत ते धूळ खात राहत, आणि मागून येणारी पोरं त्यांना हॉर्न मारमारून वेडी होत.

मला गाडी त्यांनीच शिकवली. तीही स्कूटी नव्हे, गिअरची मोटारसायकल, गावच्या माळावर. माझी आई, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, कडेला उभी राहून पदर तोंडात धरून बघत होती. मी पडले. मामांनी आधी मला उठवलं, मग गाडी उचलली, मग म्हणाले, "पडायचं कसं ते आलं. आता चालवायचं बघू."

त्या मोटारसायकलवर मामांचा जीव का, हे कळायला एक जुनी गोष्ट माहीत हवी. ती मी पाहिलेली नाही, आईनं सांगितली. मामांना नोकरी लागली आणि आमच्या बौद्धवाड्यात पहिली मोटारसायकल आली. मामांनी आपल्या वडिलांना, माझ्या आजोबांना, मागे बसवलं आणि गावात निघाले. आजोबांनी तरुणपणीच धम्म घेतला होता, देव बाहेर काढले होते, नको ती कामं सोडली होती. पण गाडी चावडीसमोर आली, कट्ट्यावर माणसं बसलेली दिसली, आणि आजोबा चालत्या गाडीवरून घसरून खाली उतरले. पायात चपला होत्या त्या त्यांनी हातात घेतल्या नाहीत एवढंच. मान खाली घालून ते गाडीशेजारून चालू लागले. मनानं जे कधीच टाकलं होतं ते पायांत राहिलं होतं. मामांनी गाडी तिथंच उभी केली, बंद केली. सगळी चावडी बघत होती.

"आबा, बसा," मामा म्हणाले.

"तू चल म्होरं. मी येतो पायी."

"बसल्याबिगर गाडी हालत न्हाय."

आई सांगते, मामांचा आवाज चढला नव्हता. ते नुसते हँडल धरून, पाय टेकून बसून राहिले. शेवटी आजोबा चढले. मग मामांनी गाडी सुरू केली आणि पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या चालीनं, चावडीसमोरून नेली. पुढं त्याच कट्ट्यावरच्या माणसांच्या गोठ्यात मामा कोपरापर्यंत हात घालून वासरं ओढत राहिले आणि त्या घरांतून त्यांना चहा येत राहिला. कपबशी वेगळी आहे का, हे मामा बघायचे. वेगळी असली तर चहा तसाच ठेवून यायचे, पण जनावर सोडून कधी आले नाहीत.

तर अशा माणसाला मी गाडी सोडा म्हणत होते. मी बारामतीत एका दवाखान्यात एक्स-रे काढते. हंगामात आमच्याकडे जी माणसं येतात त्यातली निम्मी दुचाकीवरून पडलेली. मांडीचं हाड, खुबा, जबडा. तरण्या पोरांची हाडं पडद्यावर बघताना सवयीनं हात चालतो, पण साठीपुढचं कुणी स्ट्रेचरवरून आत आलं की मी आधी चेहरा बघायची. मामा नाहीत ना. हे एकदा मी मामांना सांगितलं. ते हसले.

"तुला समदी मोडलेलीच दिसत्यात. न मोडलेली घरी जात्यात, ती तुला कशी दिसणार?"

मामी मात्र हसली नाही. मला चुलीपाशी बोलावून हळूच म्हणाली, "सुजे, दिवेलागणीला गोठ्यात जाताना भिंतीला हात लावून चालत्यात. इचारलं तर म्हणत्यात, भिंतीला पोपडं आल्यात का बघतुया."

तेव्हापासून मी त्यांच्यावर नजर ठेवू लागले. दुपारी त्यांना लांबच्या बांधावरची गाय कुणाची ते ओळखू यायचं. तिन्हीसांज झाली की विहारात शेजारी बसलेल्या माणसाला ते भलत्याच नावानं हाक मारायचे. मी डोळे दाखवा म्हटलं की चष्म्याला नावं ठेवायचे, धुळीला नावं ठेवायचे. आणि फोन वाजला की हेल्मेट घेऊन निघायचे. मला कळत नव्हतं, या माणसाला अडवायचं कसं. ज्याच्या बापाला त्या गाडीनं पुन्हा ताठ बसवलं, त्याला खाली उतर म्हणायचं कुणी?

मग ती संध्याकाळ आली. माझं इंदापूरला तहसील कचेरीत काम होतं. मी सुट्टीवर आजोळी आले होते, आणि मामा म्हणाले, चल, मी नेतो. कचेरीतला साहेब जागेवर नव्हता, तो येईपर्यंत दुपार कलली. मी म्हटलं, मी चालवते. मामा म्हणाले, "तुझी स्कूटी तू चालव." निघालो. महामार्गावर मामांनी गाडी अगदी कडेनं ठेवली होती. मी त्यांच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघत होते आणि प्रत्येक ट्रकला मनातल्या मनात मीच ब्रेक लावत होते. महामार्ग सोडून आतल्या रस्त्याला लागलो तेव्हा मला जरा हायसं वाटलं. सूर्य बुडाला होता, उजेड होता पण विरळ. दोन्ही बाजूंना उभा ऊस.

गाडीच्या उजेडात दगड दिसले. मामा थांबले. नेहमीसारखी गाडी कडेला घेतली, उतरले, दगडांकडे निघाले. मीही उतरले आणि पुढं बघितलं. ट्रॉली उभी होती. पंधरा-वीस पावलांवर, उसानं गच्च भरलेली, निम्मा रस्ता अडवून. ट्रॅक्टर सोडून नेलेला. मला वाटलं, मामा ट्रॉलीवाल्याला दोन शब्द ऐकवायला उतरले असतील. तर मामांनी पहिला दगड उचलला आणि चारीत टाकला. मग दुसरा. मग बाभळीची फांदी ओढून लांब फेकली. मला क्षणभर कळेचना.

"मामा, काय करताय? ट्रॉली आहे ना."

मामा सरळ उभे राहिले. त्यांनी रस्त्याकडे बघितलं, नीट त्या ट्रॉलीकडेच तोंड करून, आणि म्हणाले, "कुठं?"

मी बारामतीत काय काय बघितलं आहे, पण त्या एका शब्दानं मला जसा घाम फुटला तसा कधी फुटला नाही. आणि तेवढ्यात मागून मोटारसायकलचा आवाज आला. जोरात येत होती. रस्ता आता मोकळा दिसत होता. तो मामांनीच मोकळा केला होता. मी ओढणी काढून रस्त्याच्या मध्ये धावले, दोन्ही हात हलवत, ओरडत. गाडीवर नवरा-बायको होते, बायको एका बाजूला पाय सोडून बसलेली, टाकीवर लहान लेकरू. त्या माणसानं ब्रेक मारला. गाडी शेपटासारखी हलली, माझ्याजवळून पुढे घसरत गेली आणि ट्रॉलीच्या उसाला चाक टेकतंय की काय अशी थांबली. कुणी पडलं नाही. बाईनं टाकीवरचं लेकरू ओढून छातीशी धरलं.

ट्रॉली राखायला एक जण बांधावर बसला होता, तो पळत आला. मोकळा रस्ता बघून त्याचं डोकंच फिरलं. "ओ बाबा, दगडं कशापायी काढली? माणसं मारायची हायती का?"

मामांना आयुष्यात कुणी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी पुढं होऊन काहीतरी सांगणार होते, पण त्यांनी हातानं मला थांबवलं.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "मला ट्रॉली दिसली न्हाय."

त्या माणसानं एकदा ट्रॉलीकडे बघितलं, एकदा मामांकडे. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "राहू द्या बाबा. मी मांडतो."

"न्हाय. मी काढल्यात, मीच मांडणार."

मामा चारीत उतरले. हातानं चाचपत दगड शोधले आणि एकेक करून परत जागेवर आणले. मी मोबाईलचा उजेड धरला होता. फांदी वर टाकली. मग ते चालत ट्रॉलीपर्यंत गेले आणि उसाला हात लावून उभे राहिले, आहे की नाही याची खात्री करून घेत असल्यासारखे. ती गाडीवरची माणसं निघून गेली. जाताना त्या बाईनं मागं वळून मामांकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, पण मामांनी मान फिरवली.

परत आले तेव्हा त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "तू बस म्होरं," एवढंच म्हणाले.

मी मोटारसायकल चालवून बरीच वर्षं झाली होती. मामा मागे बसले. हात कुठं ठेवायचा हे त्यांना कळेना. आधी सीटला धरलं, मग मागच्या कॅरिअरला. ते कधी कुणाच्या मागे बसलेच नव्हते. मी इतकी हळू चालवत होते की एका सायकलवाल्यानं आम्हाला मागं टाकलं.

गाव आलं. चावडीसमोर दिवा होता, कट्ट्यावर माणसं बसलेली. मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं आणि तेवढ्यात मागे हालचाल जाणवली. मामा पाय खाली सोडत होते.

"हितं उतरतो," ते म्हणाले. "तू चल घरी. मी येतो पायी."

मी गाडी उभी केली. त्यांचा एक पाय जमिनीला टेकला होता. कट्ट्यावरचं बोलणं थांबलं, डॉक्टर भाचीच्या मागे बसून आले म्हणून सगळे बघू लागले. मला आजोबांची गोष्ट आठवली, आणि मी ती आठवायला नको होती, कारण माझे डोळे भरून आले आणि आता मला रस्ता दिसेना. मी गाडी बंद केली.

"बसा मामा. बसल्याबिगर गाडी हालत न्हाय."

मग गाडी जरा दबली. मामा बसले होते. त्यांनी कॅरिअर सोडलं आणि हात माझ्या खांद्यावर ठेवला. मी पहिल्या गिअरमध्ये चावडीसमोरून गाडी नेली. कट्ट्यावरून कुणीतरी "डॉक्टर, रामराम" म्हणालं आणि मामांनी खणखणीत आवाजात "जय भीम" म्हटलं.

खरा प्रश्न पुढंच होता. बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, राहिलीय ती औषधानं टिकवू. संध्याकाळनंतर गाडी अजिबात नको, दिवसा चष्मा लावून जपून चालवली तर हरकत नाही. मी कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी भल्या मनानं दार किलकिलं ठेवलं होतं आणि मामांना मी ओळखत होते. घरी आल्यावर किल्ली त्यांनी माझ्याकडून मागून घेतली आणि खिळ्याला अडकवली. मी सुट्टी वाढवून राहिले. मी आणि मामी, दोघी त्या खिळ्याकडे बघत दिवस काढू लागलो.

फोन आला तो भल्या सकाळी. नरसिंहपूरकडचा एक शेतकरी, गाय अडली होती. मामा अंगणात फोन कानाला लावून उभे. लख्ख ऊन पडलं होतं. हेल्मेट खुंटीवर, किल्ली खिळ्यावर. मामी दारात आडवी उभी राहिली. मामांनी सगळं विचारून घेतलं, पाय दिसतायत का, कळा कधीपासून. मग थोडं थांबले.

"गाडी घिऊन ये मला न्यायला," ते म्हणाले.

पलीकडचा माणूस चक्रावला असणार. तुमच्याकडं गाडी आहे की, असं काहीतरी म्हणाला.

"हाय. पर मी चालवत न्हाय आता."

फोन ठेवून ते बाजेवर बसले. धापा टाकत होते, चढण चढून आल्यासारखे. मी म्हटलं, "मामा, दिवसा चालतं म्हणाले होते डॉक्टर." का म्हटलं कोण जाणे. त्यांचा चेहरा बघवेना म्हणून असेल.

"जाताना दिवस हाय. गाय कधी सुटंल ते तिच्या हातात. येताना सांज झाली तर?" ते म्हणाले. "माझं मी पडलो असतो तर तुझ्या टेबलावर आलो असतो, तू मला शिव्या देत फोटू काढला असतास. पर त्या टाकीवरच्या लेकराचं काय सांगितलं असतं?"

न्यायला कुणी वेळेत आलं नाही. त्या दिवशी गाय वाचली, वासरू गेलं. संध्याकाळी तो निरोप आल्यावर मामा जेवले नाहीत. आपण गेलो असतो तर वासरू जगलं असतं, हे त्यांना कळत होतं आणि आम्हालाही. तरी दुसऱ्या दिवशी किल्ली खिळ्यावरच होती.

मोटारसायकल त्यांनी विकली नाही. घेणारा तरणा असंल, वाऱ्यावर पळवील, मला झोप लागायची न्हाय, असं म्हणायचे. रविवारी बाहेर काढून पुसायची, किक मारायची, स्टँडवरच थोडी चालवायची आणि बंद करायची. मामी म्हणायची, बसून वैरण खाणारा बैल हाय ह्यो. फोन हळूहळू कमी झाले. माणसांना नवा डॉक्टर सापडला. ते मामांना लागलं.

त्यानंतर मामांना कुठं जायचं असलं की मी न्यायची. बारामतीहून स्कूटीवर येऊन त्यांना डोळ्यांना दाखवायला न्यायचं, परत सोडायचं. दोन्ही हेल्मेटं तीच. मागे बसून मामा स्वस्थ बसत नसत. दिवसा दगड दिसला की माझ्या खांद्यावर थाप मारायचे. मी थांबायची, आधी पुढं चालत जाऊन ट्रॉली नाही ना बघायची, मगच दगड उचलायची. सांज झाली की थाप बंद व्हायची आणि प्रश्न सुरू व्हायचा. "सुजे, म्होरं काय हाय?" मी सांगायची, ट्रॉली हाय, बैलगाडी हाय, वळण हाय. काही नसलं की, "मोकळं हाय मामा." तेवढ्यावर त्यांचा हात सैल पडायचा.

मामा गेले ते गेल्या हंगामात, छातीच्या दुखण्यानं, घरातल्या बाजेवर. शेवटचे दिवस ग्लानीतच होते. माणसं ओळखत नव्हते. मी उशाशी बसले होते, दिवेलागण झाली होती आणि लांबून ट्रॅक्टरवरच्या गाण्याचा आवाज येत होता. मामांनी हात उचलला, हवेत चाचपला आणि माझा खांदा सापडल्यावर तिथं ठेवला.

"सुजे," ते म्हणाले, "म्होरं काय हाय?"

मामीनं तोंडाला पदर लावला. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मोकळं हाय मामा."

"मग चल," ते म्हणाले. "हळूच."